डांबरी रस्त्यांवरील पृष्ठलेपन

डांबरी रस्त्यांवरील पृष्ठलेपन : डांबरी रस्त्याच्या पृष्ठभागावर केवळ बंधक द्रव्याचा, किंवा बंधक द्रव्य आणि बारीक खडी अथवा वाळू यांचा पातळ थर देऊन तो पृष्ठभाग पाण्यास अभेद्य व झिजेस टिकाऊ करण्याच्या क्रियेस पृष्ठलेपन म्हणतात. हा थर बहुधा काही मिमी. जाडीचा असतो, दुहेरी लेपनातही तो २ सेंमी.च्या फारसा पुढे जात नाही. इतक्या पातळ थराने रस्त्याची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. पृष्ठलेपनाचे काम छपराच्या शाकारणीसारखे आहे : घराच्या भिंती त्यामुळे बळकट होत नाहीत, परंतु शाकारणी चुकली तर भिंतीही फार काळ उभ्या राहत नाहीत.

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दगडी कोळशापासून मिळणारे डांबर व खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणारे बिट्युमेन या दोहोंसाठी वापरला जातो. रस्तेबांधणीत पहिले द्रव्य आता मागे पडले आहे. त्यातील काही घटक कर्ककारक आहेत, शिवाय ते उष्णतेने लवकर पातळ होते व थंडीत लवकर ठिसूळ होते. प्रस्तुत नोंदीत डांबर म्हणजे बिट्युमेन असाच अर्थ अभिप्रेत आहे. [⟶ अस्फाल्ट].

पृष्ठभाग जीर्ण का होतो : डांबरी थरातील खडीचे कण डांबराच्या अतिशय पातळ पापुद्र्याने एकमेकांना चिकटलेले असतात. या पापुद्र्याची जाडी मिमी.च्या शतांश भागांत मोजावी लागते. हवेतील ऑक्सिजनाचा डांबराशी संयोग होऊन ते हळूहळू कठीण व ठिसूळ बनते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा परिणाम अगदी वरच्या कणांपुरता असतो. हवा मात्र थरातील पोकळ्यांतून आत शिरते. त्यामुळे घट्ट दाबलेला थर सावकाश व पोकळ थर झपाट्याने जुना होतो. येथे एक मर्यादा सांगावयास हवी. डांबराला येणाऱ्या काठिण्याचा मोठा भाग खडी व डांबर यांचे गरम मिश्रण करतानाच येतो आणि मिश्रण जादा तापविल्यास तो आणखी वाढतो. रस्ता तयार झाल्यावर कितीही लवकर लेपन केले, तरी यंत्रावर झालेले हे नुकसान भरून निघत नाही.

दुसरा शत्रू पाणी. दगडाच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाण्याचे आकर्षण अधिक असते. खडी व डांबर यांच्यामध्ये पाणी शिरले की पापुद्रा दगडापासून सुटू लागतो. ग्रॅनाइट, क्वॉर्ट्‌झाइट यांसारख्या सिलिकाप्रधान खडकांच्या बाबतीत हे लवकर घडते. बेसाल्टाच्या (काळ्या पाषाणाच्या) बाबतीत त्या मानाने उशिरा. वाहनाचे चाक ओल्या पृष्ठभागावरून जाताना पोकळ्यांतील पाण्यावर क्षणभर दाब पडतो व चाक पुढे जाताच ते पाणी वर शोषले जाते. दर चाकागणिक होणाऱ्या या उपशामुळे प्रथम बारीक कण व मग खडी सुटते. तेथून पाणी खालच्या खडीकरणाच्या थरात व शेवटी मातीत उतरते. भिजलेल्या मातीची भार पेलण्याची शक्ती कमी होऊन वरचा थर वाकतो, त्याला जाळीदार तडे जातात आणि खड्डा तयार होतो. पावसाळ्यात एका रात्रीत पडलेला वाटणारा खड्डा बहुधा कित्येक महिने आतून तयार होत असतो.

तिसरे कारण झीज. गुळगुळीत झालेल्या खडीवरून, विशेषतः ओल्या रस्त्यावर, चाके घसरतात. अशा ठिकाणी पृष्ठभागाला पुन्हा खरखरीतपणा देणे हाही पृष्ठलेपनाचा एक उद्देश असतो.

प्रकार : सर्वांत साधा प्रकार म्हणजे पाणी मिसळून पातळ केलेल्या डांबरी पायसाचा फवारा. पायसामध्ये डांबराचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पृष्ठभागावर पसरल्यावर पायस फुटते, पाणी निघून जाते व डांबराचा पातळ लेप उरतो. कोरड्या पडू लागलेल्या थराला एकदोन वर्षे जीवदान देण्यास तो पुरेसा असतो. मात्र त्यात खडी नसल्याने प्रमाण जास्त झाल्यास रस्ता निसरडा होतो.

भारतातील ग्रामीण रस्त्यांवर अधिक परिचित असलेला प्रकार म्हणजे सीलकोट. या रस्त्यांवर सामान्यतः २० मिमी. जाडीचे कारपेट टाकतात. खडी व डांबर यांचे हे मिश्रण मुळातच पोकळ असते. त्यातून पाणी सहज आरपार जाते. म्हणून कारपेटावर सीलकोट देणे हा कामाचा अविभाज्य भाग होय. त्याची दोन रूपे आहेत : डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरणे, आणि डांबरात घोळलेली वाळू किंवा बारीक चुरा पसरून दाबणे. जादा पावसाच्या प्रदेशात पहिले रूप अधिक विश्वसनीय मानले जाते. सीलकोटाविना राहिलेले कारपेट दिसायला काळेभोर व नवे असले, तरी पाण्याच्या दृष्टीने ती चाळणच असते.

खडी-लेपन (सरफेस ड्रेसिंग) हा या सर्व पद्धतींतील शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत मनोरंजक प्रकार. त्यात स्वच्छ पृष्ठभागावर गरम डांबर किंवा पायस फवारून लगेच एकाच मापाची खडी एकेरी थरात पसरतात व रोलर फिरवितात. भारतीय प्रथेनुसार खडीचे नाममात्र माप १९, १३, १० किंवा ६ मिमी. असते. १३ मिमी. खडीसाठी दर चौ. मी.ला सु. १ किग्रॅ. डांबर लागते, खडी लहान असेल तर त्याहून कमी. न्यूझीलंडमधील अभियंते एफ. एम. हॅन्सन यांनी १९३५ मध्ये या प्रमाणाला शास्त्रीय आधार दिला. एका मापाची खडी नुसती पसरली असता तिच्या थरात सु. ५०% पोकळी असते. रोलर फिरविल्यावर ती सु. ३०% व वाहतुकीने खडीचा प्रत्येक तुकडा आपल्या रुंद बाजूवर आडवा झाल्यानंतर सु. २०% उरते, असे त्यांनी दाखविले. या शेवटच्या पोकळीचा निम्म्याहून अधिक, परंतु पूर्ण नव्हे, असा भाग डांबराने भरला पाहिजे. त्याहून कमी डांबर पडल्यास खडी उडून जाते. जास्त पडल्यास उन्हाळ्यात डांबर वर येऊन पृष्ठभाग तुळतुळीत होतो. म्हणजे वाहतुकीची चाके हीच या कामातील अखेरची रोलर असतात आणि त्यांचा हिशेब आधीच करावा लागतो. लेपन झाल्यावर पहिले काही दिवस वाहने सावकाश जाऊ देण्याचा जो नियम आहे, त्याचे कारण हेच. तो नियम पाळला जात नाही व दोष मात्र डांबराला दिला जातो, असा अनुभव नेहमीचा आहे.

स्लरी सील म्हणजे पायस, बारीक चुरा, पाणी व थोडे सिमेंट किंवा चुना यांचे खिरीसारखे मिश्रण काही मिमी. जाडीत पसरणे. जर्मनीत विकसित झालेल्या मायक्रोसरफेसिंग या सुधारित प्रकारात बहुवारिकयुक्त पायस वापरतात. ते पाणी उडून जाण्याची वाट न पाहता रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे काही तासांत रस्ता वाहतुकीस खुला करता येतो. भारतातही एकविसाव्या शतकात त्याचा वापर सुरू झाला असून इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

इतिहास : रस्त्यावर डांबर टाकण्याचा आरंभीचा हेतू रस्ता टिकविण्याचा नसून धूळ बसविण्याचा होता. मोटारगाड्यांच्या रबरी चाकांनी खडीच्या रस्त्यांवरील बारीक माती शोषली जाऊन धुळीचे लोट उठू लागले. १९०२ मध्ये मोनॅको येथे एर्न्स्ट गुग्लिएल्मिनेत्ती या स्विस वैद्याने रस्त्यावर दगडी कोळशापासून मिळणारे गरम डांबर पसरून त्यावर उपाय केला. धुळीबरोबर रस्त्याची झीजही कमी होते, हे त्यानंतर ध्यानात आले.

भारतात रस्त्यांच्या प्रश्नाचा एकत्रित विचार १९२७ मध्ये नेमलेल्या समितीपासून सुरू झाला. तिचे अध्यक्ष मुकुंदराव रामराव जयकर हे होते. समितीच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभारला गेला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. दिल्ली येथील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ मध्ये सुरू झाली. भारतीय हवामान, खडी व वाहतूक यांना अनुरूप अशी प्रमाणे ठरविण्याचे काम मुख्यतः या दोन संस्थांनी केले आहे.

परिणामकारकता : लेपनाने रस्ता किती टिकतो, याचे उत्तर लेपन कोणत्या रस्त्यावर केले यावर अवलंबून असते. या प्रश्नाचा मोठा प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांत १९९० च्या सुमारास ८१ ठिकाणी करण्यात आला. प्रत्येक ठिकाणी एकाच रस्त्याचे लगतचे तुकडे घेऊन त्यांवर खडी-लेपन, स्लरी सील, केवळ तडे बुजविणे व पातळ डांबरी थर असे निरनिराळे उपाय केले आणि तुलनेसाठी एक तुकडा तसाच ठेवला. पुढील काही वर्षांच्या निरीक्षणांत तडे व तत्सम दोष पुन्हा उद्‌भवू न देण्याच्या बाबतीत खडी-लेपन सर्वांत सरस ठरले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, लेपनाच्या वेळी जे तुकडे आधीच वाईट स्थितीत होते, ते लवकर निकामी होण्याची शक्यता चांगल्या स्थितीतील तुकड्यांच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत होती. उपाय तोच, द्रव्य तेच. फरक फक्त वेळेचा.

चांगल्या पायाच्या रस्त्यावर योग्य वेळी केलेले खडी-लेपन साधारणपणे पाच ते सात वर्षे काम देते; स्लरी सील त्याहून काहीसे कमी. ही मुदत वाहतूक व पाऊस यांप्रमाणे बरीच बदलते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे मजबूत खडीच्या पायावर थेट लेपन केलेले रस्तेच बहुसंख्य आहेत. जाड डांबरी थराविनाही ते टिकतात, कारण लेपन ठराविक काळाने नेमाने पुन्हा केले जाते व पाया कोरडा ठेवला जातो.

पृष्ठलेपनाने जे साधत नाही तेही स्पष्ट आहे. चाकांच्या मार्गात खोल चाकोऱ्या पडलेला, जाळीदार तडे गेलेला किंवा पाया खचलेला रस्ता लेपनाने सुधारत नाही. काही महिने तो झाकला जातो, इतकेच. जड वाहतुकीने होणारी हानी हा यातला निर्णायक भाग होय. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीवरून असे दिसून आले की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सु. चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सु. सोळापट व दीडपट झाला तर सु. पाचपट होते. हे ओझे पेलणे पाया व थरांची जाडी यांचे काम आहे.

दक्षिण कोकणातील परिस्थिती : वर सांगितलेली सर्व कारणे जेथे एकत्र येतात अशा प्रदेशाचे उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी परिसर घेता येईल. तेरेखोल खाडीच्या उत्तरेस, गोव्याच्या सीमेलगत वसलेले रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दक्षिण टोकाचे बंदर आहे. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून निघणाऱ्या सागरी महामार्गाचे दक्षिणेकडील टोकही येथेच आहे. अनेक खाड्यांवरील पुलांअभावी हा मार्ग दीर्घकाळ सलग नव्हता. येथे लोहखनिजाच्या खाणी असून खनिज मालमोटारींनी बंदराकडे नेले जात आले आहे.

या भागात वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. याचा अर्थ असा की, ३·७५ मी. रुंदीच्या एकपदरी रस्त्याच्या प्रत्येक किमी. लांबीवर दर पावसाळ्यात सु. ११,००० घ. मी. पाणी थेट आकाशातून येते. शेजारच्या डोंगरउतारावरून येणारे वेगळेच. त्यातील शंभरावा हिस्सा पृष्ठभागातून आत मुरला, तरी पायात एक लाख लिटरहून अधिक पाणी उतरते. लेपनाची गरज येथे जितकी आहे तितकी राज्याच्या पठारी भागात क्वचितच असेल. हिमतुषारांचा त्रास नसणे व हवा बाराही महिने उबदार असणे, ही येथील जमेची बाजू.

दगडाचा प्रश्न त्यापेक्षा बिकट आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात रस्त्यांना पुरेसा काळा पाषाण हाताशी असतो. वेंगुर्ले तालुक्यात मात्र बेसाल्टाऐवजी कँब्रियन-पूर्व काळातील जुने खडक व त्यांवरील जांभ्याचे थर आढळतात. रेडीचे लोहखनिजही याच जुन्या खडकांशी निगडित आहे. जांभा घरबांधणीस उत्तम; कमी वाहतुकीच्या रस्त्याच्या खालच्या थरातही तो चालतो. परंतु तो मऊ व सच्छिद्र असल्याने चाकाखाली त्याची भुकटी होते व तो पाणी शोषून घेतो. त्यामुळे लेपनाची खडी जांभ्याची असून चालत नाही. क्वॉर्ट्‌झयुक्त जुन्या खडकांची खडी कठीण असते, पण तिला डांबर ओलाव्यात नीट धरून राहत नाही. अशा खडीसाठी डांबरात आसंजन वाढविणारे द्रव्य मिसळावे लागते किंवा धनभारित पायस वापरावे लागते. सिलिकाप्रधान दगडाच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण विद्युत् भार असतो व पायसातील धनभारित थेंब त्याकडे ओढले जातात. थोडी दमट खडीही या पायसाला चालते, हा त्याचा दमट किनाऱ्यावरील मोठा फायदा होय.

तांबडी माती ही येथील आणखी एक अडचण. कडेच्या जांभ्या मातीचा व खनिजाचा बारीक धुरळा चाकांबरोबर रस्त्यावर येऊन पसरतो. धुळीच्या थरावर फवारलेले डांबर धुळीला चिकटते, रस्त्याला नव्हे. मग पहिल्या पावसात लेपाच्या सालीच्या साली निघतात. म्हणून लेपनापूर्वी पृष्ठभाग आधी तारेच्या ब्रशाने व मग हवेच्या झोताने स्वच्छ करणे हे कोठेही आवश्यक असले, तरी येथे त्यावरच कामाचे यश ठरते. मोजमापाच्या वहीत ही बाब एका ओळीची असते, आणि काम घाईचे असले की पहिली गळते तीच.

किनाऱ्यावरील पुष्कळ रस्ते नारळी-पोफळीच्या व काजूच्या बागांतून, दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमधून जातात. सावलीमुळे पृष्ठभाग उशिरा वाळतो, झाडांवरून पाणी ठिबकत राहते, कडेला शेवाळ धरते. सावलीतील पायस फुटण्यासही अधिक वेळ लागतो. गडग्यांमुळे पाण्याला बाजूला वाट नसते व रस्ताच ओहोळ बनतो. खाडीकाठच्या खाजणातून भराव घालून नेलेल्या रस्त्यांना तर पाणी खालूनही मिळते. अशा जागी वरून केलेले लेपन कितीही निर्दोष असले, तरी पाया ओलाच राहतो. येथे आधी गटारे व मोऱ्या मोकळ्या करणे, बाजूपट्ट्या रस्त्यापेक्षा खाली ठेवून बाहेर उतरत्या करणे आणि भरावाची उंची वाढविणे यांवर केलेला खर्च लेपनावरील खर्चापेक्षा अधिक फळ देतो. बाजूपट्टी वर्षानुवर्षे मातीने भरून रस्त्याहून उंच झाली की पाणी डांबराच्या कडेलाच तुंबते. कोकणातील रस्त्यांच्या कडा आधी तुटतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

लेपनाचा हंगामही आखूड असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येथे पोहोचतात. ऑक्टोबरात परतीच्या सरी असतात. पृष्ठभाग पूर्ण कोरडा मिळण्याचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतो. मेच्या अखेरीस उरकलेले काम चाकांनी खडी नीट बसण्यापूर्वीच पावसात सापडते. त्या दृष्टीने डिसेंबर ते मार्च हे महिने सर्वांत योग्य. याच महिन्यांत निविदा व निधी यांची जुळणी चालू असते, ही गोष्ट तांत्रिक नव्हे, परंतु रस्त्याच्या आयुष्याशी तिचा संबंध आहे. पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, रस्त्याची पायी पाहणी करणे उपयुक्त ठरते. रस्ता वाळत असताना ज्या भेगांच्या कडा इतर पृष्ठभाग सुकल्यावरही ओल्या दिसतात, तेथे पाणी आत शिरलेले असते. लेपनापूर्वी त्या भेगा बुजविणे व खड्डे चौकोनी कापून भरणे आवश्यक असते.

खनिजवाहतुकीच्या रस्त्यांचा विचार यापासून वेगळा करावा लागतो. भरलेल्या मालमोटारींच्या सततच्या रहदारीखाली पातळ लेप चाकांच्या मार्गात दबून डांबर वर येते व पाया अपुरा असल्यास चाकोऱ्या पडतात. तेथे जाड डांबरी थर किंवा काँक्रीट यांचाच आश्रय घ्यावा लागतो. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणात महाराष्ट्रात काँक्रीटचा वापर झाला आहे. पृष्ठलेपनाचे खरे क्षेत्र उरते ते किनारी मार्गाचे हलक्या वाहतुकीचे भाग आणि वाड्यावस्त्यांकडे जाणारे एकपदरी रस्ते. शाळा, दवाखाना व बाजार यांकडे पावसाळ्यात जाण्याचा तोच एक मार्ग असतो, आणि तेथील कारपेट शाबूत असतानाच दिलेला खडीयुक्त सीलकोट पुढील काही पावसाळे पाणी पायापर्यंत पोहोचू देत नाही.